मार न लागलेले मूल

स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, संस्थापकांचे कष्ट आणि माजी विद्यार्थ्यांचे यश यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळा आहे. ज्या घरात आईला मारहाण होते त्या घरातील मूल, ज्याच्या अंगावर कुणी हात टाकलेला नाही पण ज्याने सर्व काही पाहिले आणि ऐकले आहे, असे मूल आपल्या कायद्याच्या दृष्टीने कोण आहे, हा तो विषय. निवासी शाळेच्या स्मरणिकेत हा प्रश्न यावा याला कारण आहे. अशी मुले आपल्याकडे येतात. गरिबी, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर, गावात सातवीपुढे वर्ग नसणे ही कारणे प्रवेश अर्जावर लिहिली जातात. ‘घरी राहू नये म्हणून’ हे कारण कुणी लिहीत नाही. परंतु प्रवेशाच्या दिवशी, गादी आणि पेटी खोलीत ठेवून झाल्यावर, आईच्या तोंडून ते कधीकधी निसटते.

अशा मुलांना ओळखण्याची एकच खूण नाही. दिवाळीच्या सुट्टीला घरी जाणाऱ्यांची यादी करताना एखादा मुलगा सर्वांत शेवटी नाव देतो. रात्री खोलीत कुणी पेटीचे झाकण आपटले की एखादा दचकून उठून बसतो. एखादी मुलगी आठवड्याच्या फोनवर आईला ‘जेवलीस का’ हा एकच प्रश्न तीन तीन वेळा विचारते, कारण त्या घरात आई जेवली आहे याचा अर्थ आजचा दिवस बरा गेला असा असतो. काही मुले हात उगारतात, त्यांच्याविषयी तक्रारी येतात आणि त्यांची दखल घेतली जाते. याउलट काही मुले कमालीची शहाणी असतात. कुणाला त्रास देत नाहीत, मोठ्यांच्या चेहऱ्यावरचा राग इतरांच्या आधी ओळखतात, भांडण सुरू होण्यापूर्वीच ते मिटवायला धावतात. शिक्षकाला अशी मुले आवडतात. हे शहाणपण ती कोठे शिकली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी देशभरात सुमारे ३० टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. या स्त्रियांच्या घरांत मुले किती होती आणि त्यांनी काय पाहिले, याचा हिशेब कुठे मांडलेला आढळत नाही. याच सर्वेक्षणात स्त्रियांना आणखी एक प्रश्न विचारला जातो : तुमच्या माहितीप्रमाणे तुमचे वडील तुमच्या आईला मारीत असत काय? ज्या स्त्रिया ‘होय’ म्हणतात त्यांच्या स्वतःच्या वाट्यालाही पतीची मारहाण कितीतरी अधिक प्रमाणात आलेली दिसते. पाहणे म्हणजे काहीच न घडणे नव्हे, हे सांगायला यापेक्षा वेगळा पुरावा लागू नये.

आता कायद्याकडे येऊ. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. या कायद्याने मोठे काम केले आहे. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, अपमान, उपाशी ठेवणे, कमाई काढून घेणे या सर्वांना त्याने हिंसा म्हटले. घर कुणाच्याही नावावर असो, स्त्रीला त्या घरात राहण्याचा हक्क दिला. मुलांचा उल्लेखही त्यात आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, दत्तक आणि सावत्र मुलासह, मूल होय अशी व्याख्या आहे. मुलांसाठी पोटगी मागता येते. कलम २१ नुसार मुलाचा तात्पुरता ताबा आईला देता येतो, आणि वडिलांच्या भेटीने मुलाचे अहित होईल असे वाटल्यास दंडाधिकाऱ्याने ती भेट नाकारावी अशीही तरतूद आहे.

एवढे सर्व असूनही या कायद्यात दाद मागणारी ‘व्यथित व्यक्ती’ म्हणजे केवळ स्त्री. मूल हे त्या स्त्रीचे मूल म्हणून कायद्यात येते. आईने अर्ज केला तर मुलाचा विचार होतो. तिने केला नाही, तिला करता आला नाही किंवा तिने तो माघारी घेतला, तर मुलाचा विचारही माघारी जातो. मुलगी निदान स्त्री म्हणून व्याख्येत बसू शकते. दहा वर्षांच्या मुलाला मात्र, त्याने रात्ररात्र आईच्या आणि बापाच्या मध्ये उभे राहून काढली असली तरी, स्वतःच्या नावाने या कायद्याखाली व्यथित होता येत नाही.

हिंसेची खबर कायद्याच्या दारात पोहोचते ती संरक्षण अधिकाऱ्याने भरावयाच्या कौटुंबिक घटना अहवालातून. नियमांसोबत जोडलेल्या त्या नमुन्यात मुलांसाठी जागा आहे. मुलांची संख्या, नाव, वय, मुलगा की मुलगी, आणि सध्या कोणाजवळ राहते, एवढे रकाने आहेत. घटना घडली तेव्हा मूल कोठे होते, त्याने काय पाहिले, ते शाळेत जाते काय, रात्री झोपते काय, यासाठी रकाना नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला सरकारी नमुन्यांचे महत्त्व ठाऊक असते. जनगणनेच्या तक्त्यात ज्याला रकाना नाही तो समूह राज्यकर्त्यांच्या लेखी नसतोच. हेच येथेही लागू आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ कडे वळावे तर तेथेही मूल दोन खुर्च्यांच्या मध्ये पडते. काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक कोण, याची लांबलचक यादी त्या कायद्यात आहे. ज्याच्यासोबत मूल राहते त्या व्यक्तीने मुलाला इजा केली असेल, त्याचा छळ वा त्याच्याकडे दुर्लक्ष केले असेल, तसे करण्याची धमकी दिली असेल, तर ते मूल बाल कल्याण समितीपुढे येऊ शकते. आईला मारणाऱ्या आणि मुलाला हातही न लावणाऱ्या बापाचे काय, हे तेथे स्पष्टपणे लिहिलेले नाही. मुलाला अनावश्यक मानसिक यातना होतील अशा रीतीने वागवणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे कलम ७५ आहे. ते ताणून या मुलापर्यंत आणता येईल असे काही वकील मित्र म्हणतात. पण ताणून आणावी लागणारी तरतूद पोलीस ठाण्याच्या टेबलावर तुटते, हा आपल्या लोकांचा जुना अनुभव आहे. पत्नीच्या छळाविषयीचे १९८३ चे ४९८-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी गेले. क्रमांक बदलले, पाहणाऱ्या मुलाचा उल्लेख नव्या संहितेतही आला नाही.

हे असे का झाले, याचे मूळ जुने आहे. आपल्याकडे कायदा घराच्या उंबऱ्याशी नेहमीच अडवला गेला आहे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले, एवढाच तो बदल; तरीही सरकारने आमच्या घरात आणि धर्मात हात घातला अशी ओरड झाली आणि तिच्या अग्रभागी टिळकांसारखे नेते होते. साठ वर्षांनी हिंदू कोड बिलाच्या वेळी तीच ओरड संसदेत झाली, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढे ते बिल तुकड्यातुकड्यांनी संमत झाले. त्यातील एक तुकडा म्हणजे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा. तो बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसते. त्या कायद्यानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता, आणि ‘त्याच्यानंतर’ माता. ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्याच्या मृत्यूनंतरच’ असा नव्हे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला १९९९ साल उजाडावे लागले. मुलाचे हित सर्वोपरी, हे तत्त्वही त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. परंतु गावात, शाळेत आणि ठाण्यात कलम ६ सर्वांना पाठ असते. कलम १३ कुणालाच आठवत नाही.

याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो, हे निवासी शाळेच्या मुख्याध्यापकाला विचारावे. भेटीचा रविवार असतो. आदल्या रात्री एका आईचा फोन आलेला असतो : मी माहेरी आले आहे, मुलाला त्यांच्यासोबत पाठवू नका. सकाळी वडील दारात उभे. मुलाला दोन दिवस घरी नेतो म्हणतात. प्रवेश अर्जावर पालक म्हणून सही त्यांचीच, ओळखपत्र त्यांचेच. कागदावर आदेश कुठलाच नाही. मूल कार्यालयाच्या दारापाशी चप्पल घालून उभे असते आणि कुणाकडेच पाहत नसते. वडिलांना मुलाची ओढ नसते असे मला म्हणावयाचे नाही. पण मूल घरी नेले की बायको चार दिवसांत आपोआप परत येते, हे गणित गावोगावी पक्के आहे. मुलाला न मारताही त्याचा उपयोग मारण्याच्या हत्यारासारखा करता येतो. याला कायद्याच्या भाषेत अद्याप नाव नाही.

येथे २००५ च्या कायद्यातील एक तरतूद आवर्जून सांगितली पाहिजे, कारण ती शिक्षकांच्या वाचनात आलेली मला क्वचितच आढळली. कलम १८ प्रमाणे संरक्षण आदेश देताना दंडाधिकारी प्रतिवादीला व्यथित व्यक्तीच्या कामाच्या ठिकाणी जाण्यास मनाई करू शकतात, आणि व्यथित व्यक्ती मूल असेल तर त्याच्या शाळेत जाण्यास. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शाळा होती. कलम १९ मध्येही स्त्रीच्या आणि तिच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी कोणताही अधिकचा निर्देश देण्याची मुभा आहे. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद वा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हे चांगलेच आहे. मात्र कलम २४ वाचावे. आदेशाची प्रत विनामूल्य कोणाला द्यावयाची? पक्षकारांना, पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आणि सेवा पुरविणाऱ्या संस्थेला. शाळेचे नाव त्यात नाही. ज्या फाटकाशी तो आदेश पाळला जायचा त्या फाटकावरच्या माणसाला तो कळवायचा नाही, अशी ही व्यवस्था आहे. आईने स्वतः प्रत आणून दिली तरच शाळेला समजणार. घाबरलेली, दोन गाड्या बदलून आलेली, मजुरी बुडवून न्यायालयात उभी राहिलेली बाई शाळेसाठी आणखी एक प्रत काढून आणील, ही अपेक्षा कायद्याने करू नये.

दाखल्याचाही प्रश्न असाच आहे. आई मुलांना घेऊन माहेरी निघून येते तेव्हा तिच्याजवळ कपड्यांची पिशवी असते, कागदपत्रे नसतात. जुनी शाळा म्हणते वडिलांची सही आणा. नवी शाळा म्हणते दाखला आणा. मूल घरी बसते. वास्तविक २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ या बाबतीत निःसंदिग्ध आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. आणि दाखला अडवून ठेवणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. वडिलांच्या सहीची अट त्या कलमात नाही. ती अट आपल्या कार्यालयांनी सवयीने घातलेली आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिण्याचा शासननिर्णय झाला. त्याचे स्वागत आहे. आईचे नाव आधी आले, आता आईची सहीही पुरेशी मानली जावी.

न्यायालयात मूल साक्षीदार म्हणून जाते तेव्हा आणखी निराळा अनुभव येतो. साक्ष देण्यासाठी आपल्या कायद्यात वयाची किमान अट नाही. प्रश्न समजून योग्य उत्तर देता येणारे मूल साक्ष देऊ शकते. ही गोष्ट १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होती, आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही आहे. व्यवहारात मात्र मुलाला आधी ‘पढवलेला’ मानले जाते आणि मग त्याचे ऐकले जाते. मध्य प्रदेशातील एका खटल्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २००३ साली एका सात वर्षांच्या मुलीने वडिलांनी आईचा गळा दाबताना पाहिले. सत्र न्यायालयाने तिच्या साक्षीवर विश्वास ठेवून शिक्षा दिली. २०१० साली उच्च न्यायालयाने ती साक्ष अविश्वसनीय ठरवून आरोपीला सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली आणि मूल आहे एवढ्याच कारणावरून साक्ष झिडकारता येणार नाही, हे पुन्हा बजावले. निकाल स्वागतार्ह आहे. पण त्या मुलीचा हिशेब कोण मांडणार? सात वर्षांची असताना तिने जे पाहिले ते खरे होते, हे तिला तिच्या वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर सांगण्यात आले. मधल्या बावीस वर्षांत कायद्याच्या लेखी ती पुराव्याचा एक भाग होती.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत २०१२ च्या कायद्याने मुलांसाठी वेगळी व्यवस्था केली. आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जावेत, मुलाला वारंवार बोलावू नये. असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्र असावे, असे निर्देशही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात दिले. ही व्यवस्था आईच्या मारहाणीच्या प्रकरणात बोलणाऱ्या मुलापर्यंत का पोहोचू नये? २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांना स्वतःची कार्यपद्धती ठरविण्याची मुभा आहे. ते सुनावणी बंद दाराआड घेऊ शकतात, कुटुंबकल्याणाचे काम करणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य घेऊ शकतात. मुलाला आपल्या खोलीत बोलावून, दोन्ही पक्षांना बाहेर ठेवून, ‘तुला कोठे राहायला सुरक्षित वाटते’ एवढे विचारायला कोणताही नवा कायदा लागत नाही. मात्र मुलाला बाजू निवडायला लावू नये. बापाविरुद्ध बोल असे त्याला सांगणे हा त्याच्यावर होणारा दुसरा आघात आहे. ज्याला बोलावयाचे नाही त्याला न बोलण्याचा हक्क असला पाहिजे.

काही देशांनी या प्रश्नाला सरळ हात घातला आहे. न्यूझीलंडने १९९५ च्या कायद्यातच मुलाला हिंसा पाहायला वा ऐकायला लावणे हा त्या मुलाचा मानसिक छळ मानला. इंग्लंडने २०२१ च्या कायद्यात असे मूल स्वतःच पीडित असल्याचे लिहून ठेवले. पाहणे, ऐकणे किंवा परिणाम भोगणे, यांपैकी काहीही पुरेसे आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०११ साली प्लिमथ शहरात सुरू झालेला साधा उपक्रम. एक मुख्याध्यापिका आणि पोलीस खात्यात असलेले तिचे पती यांनी तो सुरू केला. रात्री एखाद्या घरी मारहाणीसाठी पोलीस गेले आणि त्या घरात शाळकरी मूल असले, तर सकाळी शाळा भरण्यापूर्वी शाळेतील एका ठरलेल्या शिक्षकाला ते गोपनीयपणे कळवायचे. एवढेच. त्या दिवशी गृहपाठ झाला नाही म्हणून त्या मुलाला कुणी उभे करत नाही.

परंतु याच प्रश्नाची दुसरी बाजूही परदेशी अनुभवातूनच दिसते, आणि ती आपल्याकडे विशेष लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९९ साली मुलासमोर होणारी हिंसा ही मुलाची हेळसांड ठरवली. तक्रारींचा लोंढा आला, यंत्रणा कोलमडली आणि ती तरतूद लवकरच मागे घ्यावी लागली. न्यूयॉर्क शहरात तर मार खाणाऱ्या आईनेच मुलाला हिंसा पाहू दिली असे म्हणून मुले आईपासून काढून नेण्यात येत होती. मुलाने हिंसा पाहिली एवढ्यावरून आईने त्याची हेळसांड केली असे मानता येणार नाही, असा निर्वाळा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. आपल्याकडे मुलाला पीडित मानणारा कायदा निष्काळजीपणे लिहिला गेला, तर पहिली नोटीस आईलाच येईल याविषयी मला शंका नाही. आणि ती आई दलित, भटकी वा आदिवासी असेल तर मूल सुधारगृहात पाठविण्याची घाई अधिक होईल. जोतिराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले तेव्हा मूल वाचविण्यासाठी त्यांनी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही; तिला नाव विचारले जाणार नाही असा आसरा दिला. मुलाचे संरक्षण आईच्या संरक्षणातून जाते, हे त्या जोडप्याला दीडशे वर्षांपूर्वी उमगले होते. मुलाला कायद्यात स्वतंत्र स्थान हवे ते आईच्या शेजारी, तिच्या विरोधात नव्हे.

आता आपल्या माणसांशी थोडे. ‘घरातले भांडण ठाण्यात नेऊ नका, आधीच लोक आपल्या वस्तीकडे बोट दाखवायला टपलेले असतात’ हा युक्तिवाद मी अनेक कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकला आहे. त्यातील भीती खोटी नाही. ठाण्यात आपल्या बाईची तक्रार कशी घेतली जाते, हे सर्वांना माहीत आहे. पण समाजाच्या अब्रूची राखण मार खाणाऱ्या बाईने आणि भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या पोराने करावी, हा कोणता न्याय? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना नवऱ्याची दासी न होता त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहण्यास सांगितले होते. ज्या घरात त्यांची तसबीर आहे त्याच घरात मारहाण होते, तेव्हा मूल दोन्ही पाहत असते. दारूचे निमित्त पुढे केले जाते. पंचशीलातील पाचव्या शीलाची आठवण देणे योग्यच. पण दारू प्यालेला माणूस मुकादमावर किंवा सावकारावर हात उगारत नाही. कुणाला मारले तर चालते, एवढी शुद्ध त्याला असते. गावातील तंटामुक्ती समित्या २००७ पासून काम करतात. त्यांनी पुष्कळ बांधाचे वाद मिटवले. बायकोला नांदायला पाठवून मिटवलेला तंटा मात्र मुलाच्या दृष्टीने मिटलेला नसतो. तडजोडीच्या कागदावर मुलाविषयी एक ओळ तरी असावी, एवढे गावातील शिकलेल्या माणसांना सांगता येईल.

कायद्यात कोणता बदल हवा, हे वरील विवेचनातून पुरेसे स्पष्ट झाले असावे. २००५ च्या कायद्यातील व्यथित व्यक्तीच्या व्याख्येत, हिंसा पाहणारे वा ऐकणारे मूल, मुलगा असो की मुलगी, स्वतःच्या हक्काने यावे. आईने हिंसा रोखली नाही हे तिच्याविरुद्धचे कारण ठरू नये, असे त्याच कलमात लिहावे. घटना अहवालात मुलासाठी आणखी चार रकाने जोडावेत. नमुना हा नियमांचा भाग असल्याने त्यासाठी संसदेत कायदा बदलण्याचीही गरज नाही. आणि कलम २४ मध्ये मुलाच्या शाळेचे नाव यावे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने डिसेंबर १९९२ मध्ये शिक्कामोर्तब केले. पालकांच्या ताब्यात असताना होणाऱ्या शारीरिक आणि मानसिक हिंसेपासून मुलाचे रक्षण करण्याचे बंधन त्यात आहे. तेव्हा हे काही नवे देणे नव्हे. थकलेले देणे आहे.

कायदा बदलेपर्यंत निवासी शाळांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसा घडली आहे वा घडण्याची शक्यता आहे असे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. शिक्षक ही ‘कोणतीही व्यक्ती’ आहे. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक केवळ कार्यालयात नव्हे, तर आई जेथे मुलाचा डबा उघडून बसते त्या व्हरांड्यात लावावेत. माझी संस्थेला एक सूचना आहे. येत्या जूनच्या प्रवेश अर्जात ‘मुलाला कोणाच्या स्वाधीन करावे आणि कोणाच्या करू नये’ असा एक रकाना घालावा. तो आईने एकटीने, गृहपालांसमोर भरावा, आणि तो कागद मुलाच्या फाईलमध्ये न ठेवता मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रत त्यालाच जोडावी. भेटीच्या रविवारी दारावर बसणाऱ्या शिपाईमामांना नावे सांगण्याची गरज नाही. कोणत्या मुलाला सोडण्यापूर्वी मुख्याध्यापकांना विचारायचे, एवढी क्रमांकांची यादी त्यांच्याजवळ असली की पुरे.